बाळंतिणीचा बेगल

रत्नागिरीहून निघताना माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, बाळंतशोपा आणि सुंठ होती. लेकीचं पहिलं बाळंतपण, तेही न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे तिकडे काही मिळणार नाही असं धरूनच मी भरलं होतं. (मिळतं सगळं. फॉरेस्ट हिल्सहून एक्सप्रेस लोकलने एकच स्टेशन पुढे जॅक्सन हाइट्स, तिथे डिंकसुद्धा मिळतो. हे कळेपर्यंत विमानात वजनाचे पैसे भरून झाले होते.) आणि बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसत लेक म्हणाली, "आई, मला लॉक्स बेगल हवाय."

बेगल म्हणजे मधे भोक असलेला, कडीसारखा घट्ट पाव, आणि लॉक्स म्हणजे त्यावर घालायचा खारवलेला सॅमन मासा. नऊ महिने तिने लॉक्स बेगल खाल्ला नव्हता. धुरावलेला मासा गरम न करता तसाच खाल्ला तर लिस्टेरिया नावाच्या जंतूची भीती असते, म्हणून अमेरिकेत गरोदर बायकांना फ्रिजमधला असा मासा खाऊ नका असं सांगतात. ती रोज कामावरून येताना कोपऱ्यावरच्या बेगलच्या दुकानासमोरून जायची आणि नुसता वास घेऊन घरी यायची. आता डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती. माझी घेतली नव्हती.

"म्हणजे कच्चा खारवलेला मासा," मी म्हटलं, "आणि त्याच्याखाली दुधाचं चीज? ओल्या बाळंतिणीला?"

आमच्याकडे मासे आणि दूध एका ताटात येत नाहीत. माशाला नारळाचं दूध, गाईचं नाही. मासे खाल्लेल्या दिवशी रात्री मुलांनी दूध मागितलं तर आई आम्हाला कोड फुटेल म्हणून घाबरवायची. त्याला शास्त्रीय आधार नाही हे मला ठाऊक आहे, मी काही अडाणी नाही, बँकेत उभी नोकरी झाली माझी. पण ठाऊक असणं वेगळं आणि अंगावर पिणारं बाळ असलेल्या लेकीच्या हातात ते देणं वेगळं. जावई शहाणा. तो म्हणाला, "आई, आपण आधी दुकानात तर जाऊन येऊ. मग तुम्ही ठरवा."

फॉरेस्ट हिल्स हा क्वीन्समधला भाग. मॅनहॅटनचे फोटो बघून न्यूयॉर्क म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते इथे नाही. पाच-सहा मजली विटांच्या इमारती, खाली ओळीने दुकानं, मधून आडवा पसरलेला क्वीन्स बुलेव्हार्ड. ज्यू वस्ती जुनी, आणि तिच्यातही आता समरकंद-ताश्कंदकडून आलेले बुखारी ज्यू पुष्कळ. आमचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. दारावर पिवळी पाटी, आत एका भिंतीला तीन डुगडुगती टेबलं, दुसऱ्या भिंतीला लांबच लांब काचेचा काउंटर. काउंटरमागे तारेच्या मोठ्या टोपल्या, एकेका टोपलीत एकेका जातीचे बेगल. काचेखाली स्टीलच्या ट्रेमध्ये क्रीम चीजचे डोंगर: पांढरं, पातीच्या कांद्याचं, भाज्यांचं, ऑलिव्हचं, सुकवलेल्या टोमॅटोचं, एक चक्क स्ट्रॉबेरीचं गुलाबी. सजावट शून्य. कोणे एके काळी वर्तमानपत्रात आलेलं एक कात्रण फ्रेम करून लावलेलं, उन्हाने पिवळं पडलेलं. मला दुकान आवडलं. जिथे सजावट नसते तिथे माल खपतो, हा माझा कर्जविभागातला अनुभव.

रविवार सकाळ होती आणि रांग दाराबाहेर फुटपाथवर आली होती. जावई हळू आवाजात मला तयार करत होता, इंटरव्ह्यूला नेत असल्यागत. "आई, नंबर आला की विचार करायचा नाही. आधी बेगल कुठला. मग टोस्ट हवा की नको. मग वर काय. मग इथे खाणार की घरी नेणार. याच क्रमाने."

"आणि प्लीज, थँक्यू?"

"ते शेवटी. मध्ये घातलंत तर मागचे चिडतात."

मी कॅश काउंटरच्या आतल्या बाजूला इतकी वर्षं काढली आहेत की मला हे लगेच पटलं. स्लिप न भरता खिडकीशी येऊन "जरा सांगा हो, कसं भरायचं" म्हणणारी माणसं कशी वाटतात हे मला कुणी सांगायला नको. म्हणून रांगेत उभी असताना मी पुढच्यांचं ऐकत राहिले. "एव्हरीथिंग, टोस्टेड, स्कॅलियन, टु गो." "पॉपी, नॉट टोस्टेड, बटर." "सेसमी, स्कूप्ड आउट," हा एक तरुण, ज्याला बेगलच्या आतला मऊ गर काढून टाकून नुसतं कवच हवं होतं. माझ्या पुढच्या आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं नारळ फोडून खोबरं टाकून देणाराकडे मी पाहिलं असतं. काउंटरवरची बाई मात्र कशालाही भुवई उंचावत नव्हती. मागाल ते, मागाल तसं, पण पटकन मागा. सगळ्यांना एकच "नेक्स्ट!", एकच "व्हॉट एल्स, हनी?"

एव्हरीथिंग म्हणजे खसखस, तीळ, सुका कांदा, सुका लसूण आणि जाड मीठ, सगळं एकावर. प्लेन असतो, नुसत्या तिळाचा, नुसत्या खसखशीचा, कांद्याचा, लसणाचा, जाड मिठाचा, राईच्या पिठाचा काळपट पंपरनिकल, अंड्याचा पिवळा, आणि दालचिनी-मनुक्यांचा. शेवटच्यावर लोक कांद्याचं चीज मागतात तेव्हा मात्र त्या बाईचा चेहरासुद्धा किंचित हलला. शाकाहारी मंडळींसाठी सांगते: अंड्याचा सोडला तर बेगलमध्ये पीठ, पाणी, मीठ, यीस्ट आणि माल्ट एवढंच असतं. पण सुरी एकच असते. बेकन-एग-चीज कापलेल्या सुरीनेच तुमचा बेगल कापला जातो. चालत नसेल तर अख्खा घ्या आणि घरी कापा.

अख्खा घेण्याचा दुसराही फायदा आहे, तो मला बिलावरून कळला. न्यूयॉर्क राज्यात घरी न्यायच्या अख्ख्या बेगलवर विक्रीकर नाही. तोच बेगल दुकानदाराने मधोमध कापला, की ते तयार खाणं झालं आणि शहरातल्या दराने ८.८७५ टक्के कर लागला. चीज लावलं तरी लागला, तिथे बसून खाल्ला तरी लागला. एका सुरीच्या फटक्याला कर! मी बिल दोनदा वाचलं आणि मनापासून खूश झाले. हा नियम लिहिणारा बाबू जिथे कुठे असेल तिथे त्याला माझा नमस्कार. तेव्हापासून आम्ही साधे बेगल अख्खेच आणतो.

मग मासा. काउंटरच्या टोकाला वेगळी काच, तिथे एक मेक्सिकन काका लांब पातळ सुरीने केशरी माशाचे तुकडे काढत उभे. ती बाजू मला समजत होती. मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि जावयाला म्हटलं, "विचार, हा खारवलेला की धुरावलेला?" त्याला वाटायचं लॉक्स तो लॉक्स. काकांनी हात पुसले आणि खुलून सांगितलं. अस्सल जुना लॉक्स म्हणजे सॅमनच्या पोटाकडचा भाग, नुसता मिठात मुरवलेला, धूर नाही. तो भयंकर खारट. आता लोक लॉक्स म्हणून मागतात आणि खातात तो बहुतेक नोव्हा: मीठ बेताचं, मग थंड धुरात ठेवलेला. धूर थंड म्हणजे मासा शिजत नाही, नुसता वास आणि तकाकी घेतो. त्यांनी दोन्हींचा एकेक पापुद्रा कागदावर ठेवून मला दिला.

तर सांगते. पोटाकडचा लॉक्स तोंडात ठेवला आणि मला आमच्या पावसाळ्यातला खारवलेला बांगडा आठवला. तीच जिभेच्या कडांना बसणारी मिठाची चपराक, तीच मागून येणारी माशाची चरबी. फरक इतकाच की आम्ही तो भाजून पेजेबरोबर खातो आणि ही माणसं कच्चाच पावावर. सॅमन न्यूयॉर्कला आला तोही मिठातूनच. १८६९ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रेल्वे झाली, मग पॅसिफिककडचा सॅमन पिंपांत मीठ भरून इकडे यायला लागला. फ्रिज नव्हते. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांना हा मासा परवडायचा. आता मात्र लॉक्सच्या सँडविचला पंधरा डॉलरच्या वर मोजावे लागतात. नोव्हा सौम्य आहे, रेशमी आहे, चांगलाच आहे. पण मला विचाराल तर जरा श्रीमंती. बाळंतिणीसाठी मी नोव्हा घेतला, मीठ कमी म्हणून.

चीजचं काय? दुकानातल्या मंडळींना विरुद्ध आहार कसा समजवायचा? जावयाने तोड काढली. "क्रीम चीज ऑन द साइड." म्हणजे बेगल वेगळा, मासा वेगळा, चीज वेगळ्या डबीत. घरी जाऊन जिचं तिने बघावं. काउंटरवरच्या बाईने लिहून घेतलं आणि "व्हॉट एल्स, हनी?" म्हणाली. इतकं सोपं होतं.

घरी लेकीने डबी उघडली, बोटभर जाडीचं चीज फासलं, वर मासा, कांदा, टोमॅटो, केपर्स नावाच्या त्या आंबट-खारट कळ्या, आणि माझ्याकडे बघत पहिला घास घेतला. "आई, हे दूध नाही. आंबवलेलं आहे. दह्याच्या जातीचं." मी म्हटलं, दही तरी माशाबरोबर कुठे खातो आपण? ती म्हणाली, बंगाली खातात. यावर मी काय बोलणार? तासाभराने मी तिला डिंकाचा लाडू दिला, तोही तिने खाल्ला. मी बाळाच्या पोटावर लक्ष ठेवून होते. काही झालं नाही.

त्यानंतर दुकानाचं काम माझ्याकडे आलं. बाळ पहाटे जागं व्हायचं, लेक त्याला पाजून झोपायची आणि मला झोप उरायची नाही. मी शाल गुंडाळून खाली जायचे. रविवारची रांग हे दुकानाचं एक रूप, पहाटेचं रूप वेगळंच. काउंटरवर एखादा टॅक्सीवाला, एखादी रात्रपाळी संपलेली नर्स, आणि मागचं दार सताड उघडं, कारण आत भट्टीची धग असते. त्या दारातून सगळं दिसायचं आणि आतल्या पोरांनाही माझं बघत राहणं चालायचं.

बेगलचं पीठ घट्ट असतं, भरपूर ग्लुटेन असलेल्या मैद्याचं. वळून त्याची कडी केली की ती लगेच भाजत नाहीत, रात्रभर शीतगृहात ठेवतात. तिथे ते पीठ सावकाश आंबतं, आणि चव येते ती त्या सावकाशीतून. पहाटे त्या गार कड्या उकळत्या पाण्याच्या मोठ्या हंड्यात सोडतात. पाण्यात थोडं माल्ट असतं, त्याने रंग आणि चकाकी येते. एक मिनिटसुद्धा नाही, तेवढ्यात झाऱ्याने काढल्या, ओल्या असतानाच तिळात-खसखशीत लोळवल्या. मग ओलं गोणपाट गुंडाळलेल्या लांब फळ्यांवर ओळीने मांडून फळीसकट भट्टीत. थोड्या वेळाने आतला पोरगा फळी अशी काही उलटी करतो की बेगल भट्टीच्या तळावर पालथे पडतात आणि फळी रिकामी बाहेर येते. हे बघायला मी उभी राहायचे. एकही कडी इकडची तिकडे होत नाही.

उकळायचं कशासाठी, हे मला कळल्यावर सगळा पदार्थच कळला. उकळत्या पाण्याने बाहेरचं पीठ आधीच शिजून घट्ट होतं, त्यामुळे भट्टीत गेल्यावर आतला भाग मनसोक्त फुगू शकत नाही. म्हणून आत दाट, चिवट, आणि बाहेर तो चमकदार कडक पापुद्रा. ज्या दुकानांत नुसती वाफ देऊन भागवतात तिथला बेगल म्हणजे भोक पाडलेला पाव. इथले लोक अभिमानाने सांगतात की न्यूयॉर्कच्या बेगलचं रहस्य न्यूयॉर्कच्या पाण्यात आहे. कॅट्सकिलच्या डोंगरातून येणारं पाणी खरंच मऊ आहे, चहा उत्तम होतो त्याचा. पण बेकरीतली जाणती माणसं पाण्याला फार श्रेय देत नाहीत. रात्रभर थांबणं आणि उकळणं, असं म्हणतात. माझंही मत तेच. पाण्याचा अभिमान बाळगायला काही करावं लागत नाही, म्हणून तो सगळीकडे असतो.

भट्टीतून नुकताच आलेला बेगल टोस्ट करायचा नाही. हे मला रांगेतल्या त्या आजोबांनी शिकवलं, नारळवाल्या नजरेच्या. तेही पहाटेचे गिऱ्हाईक. त्यांच्या मते ताजा बेगल टोस्ट करणं म्हणजे बेकरवर अविश्वास. टोस्टर कालच्या बेगलसाठी. त्यांनी तरुणपणी पाहिलेली काही दुकानं तर टोस्टरच ठेवायची नाहीत, मागितलं तर हाकलायची. आजोबांचे वडील म्हणे बेगल बेकर होते, आणि मग मी त्या बाकड्यासारख्या टेबलावर बसून त्यांच्याकडून संघटनेची गोष्ट ऐकली. नंतर घरी येऊन ती वाचूनही काढली.

गिरण्यांच्या संपाच्या आठवणी असलेल्या माझ्या पिढीला ती कळावी अशी आहे. न्यूयॉर्कमध्ये बेगल बेकरांची लोकल ३३८ नावाची युनियन होती. सभासद सुमारे ३००. सुरुवातीच्या काळात सभांचं कामकाज पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत लिहिलं जायचं. बाहेरच्याला प्रवेश नाही. बापाची जागा मुलाला. हाताने बेगल वळणं हे कसब त्यांनी घरातच ठेवलं होतं आणि शहरातल्या बेकऱ्या त्यांच्या मुठीत होत्या. १९५१ च्या डिसेंबरात वाद पेटला आणि ३४ पैकी ३२ बेकऱ्या बंद पडल्या. वर्तमानपत्रांनी त्याला बेगलचा दुष्काळ म्हटलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तडजोड झाली. लॉक्सचा खपही त्या काळात कोसळला, कारण पावाशिवाय मासा कोण घेणार?

ही एवढी घट्ट संघटना मोडली ती मालकांनी नाही, यंत्राने. डॅनियल थॉम्पसन नावाच्या माणसाने बेगल वळायचं यंत्र बनवलं, आणि १९६० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या लेंडर कुटुंबाने ते आपल्या बेकरीत लावलं. गोठवलेले बेगल पिशवीत घालून अमेरिकाभर विकले. यंत्र चालवायला बापाकडून शिकावं लागत नाही. सत्तरच्या दशकात युनियन इतिहासजमा झाली. आजोबांच्या वडिलांनी शेवटची वर्षं साध्या पावाच्या बेकरीत काढली. "त्यांनी गोठवलेला बेगल घरात कधी येऊ दिला नाही," आजोबा म्हणाले, आणि मी आदल्याच संध्याकाळी अर्धा डझन फ्रीजरमध्ये टाकले होते हे काही त्यांना सांगितलं नाही. (बेगल दुसऱ्या दिवशी दगड होतो. राहणारच असेल तर ताजा असतानाच कापून गोठवा.)

मग बेगल गेला बाहेरच्यांच्या हाती, आणि माझ्या मते म्हणूनच जगला. १९७२ मध्ये मॅनहॅटनच्या वेस्ट साइडला सुरू झालेलं एच अँड एच हे बेगलचं दुकान पोर्टो रिकोच्या मेहुण्या-मेहुण्यांचं होतं. जावई कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना जिथे खायचा ते ॲब्सोल्यूट बेगल्स थायलंडच्या माणसाचं. तिथे बेगलबरोबर थाई चहा मिळायचा आणि पैसे फक्त रोख. २०२४ च्या डिसेंबरात ते बंद झालं तेव्हा जावई, जो घरात कधी हळवा होत नाही, दिवसभर गप्प होता म्हणे. आमच्या दुकानात तर मागे वळणारे, उकळणारे, भाजणारे सगळे आपसात स्पॅनिश बोलतात. बहुतेक मेक्सिकोतल्या पुएब्लाकडचे.

आजोबांनीच मला क्राकोव्हचं सांगितलं. बेगलचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १६१० सालचा, पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरातल्या ज्यू समाजाच्या नियमावलीतला, आणि तो येतो बाळंतपणाच्या संदर्भात. बाळंतिणीला भेट म्हणून द्यायच्या वस्तूंत बेगल. मी त्यांना दोनदा विचारलं, खरं ना? खरं. घरी येऊन मी लेकीला सांगितलं. ती नुसती हसली. मला मात्र त्या दिवसापासून ते बेगल आणायला जाणं म्हणजे माझ्याच कामाचा भाग वाटायला लागलं. लाडवाच्या डब्याशेजारी बेगलची कागदी पिशवी ठेवताना हात अडेनासा झाला. चीज अजून बाजूलाच.

आणि त्या चीजच्या बाबतीत मला अनपेक्षित पाठिंबा मिळाला. इमारतीखालच्या बाकावर समरकंदच्या एक बाई बसायच्या, माझ्याच वयाच्या, डोक्याला रुमाल. त्यांना रशियन आणि मोडकं इंग्रजी, मला इंग्रजी आणि बँकेचं हिंदी. मध्ये त्यांचा नातू दुभाषा. माझ्या पिशवीतल्या वेगळ्या डब्या बघून त्यांनी विचारलं, हे असं का? मी म्हटलं, आमच्याकडे मासा आणि दूध एकत्र खात नाहीत. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडेही नाही! ज्यूंमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर जुन्या ज्यू वस्त्यांत मांसाची दुकानं वेगळी आणि मासे-चीजची वेगळी. मासा दोन्हीकडे चालतो, त्यातूनच लॉक्स आणि क्रीम चीजची जोडी जमली. पण ती पोलंड-रशियाकडच्या ज्यूंची. पूर्वेकडच्या पुष्कळ ज्यू समाजांत मासा आणि दूधही टाळतात. सोळाव्या शतकातले मोठे धर्मशास्त्री योसेफ कारो यांनी तसं लिहून ठेवलंय, आणि कारण काय दिलंय, तर अपाय होतो! बाईंनी माझ्या लेकीच्या खिडकीकडे बोट दाखवून नातवाला काहीतरी लांबलचक सांगितलं. नातू म्हणाला, "शी सेज यू आर अ गुड मदर." नातवाने बरंच गाळलं असावं.

मला ही माणसं अगदी नवी नव्हती. अलिबागच्या शाखेत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्राएल बाई होत्या, घरात मराठी, स्वयंपाकात नारळ, शनिवारी सुट्टीसाठी कायमची धडपड. त्यांचा एक निर्जळी उपवास असायचा, त्याला त्या दारफाळणीचा सण म्हणायच्या. दार लावून घरात बसायचं, पांढरे कपडे. तोच हा योम किप्पुर, हे फॉरेस्ट हिल्समध्ये तो दिवस आला तेव्हा लक्षात आलं. आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्यास्ताआधी जेवून जवळजवळ २५ तास पाणीही नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी उपवास सोडताना बेगल, लॉक्स, व्हाइटफिशचं सॅलड हा इथल्या कितीतरी घरांचा ठरलेला बेत. भिंतीला लागून नावं लिहिलेली खोकी छतापर्यंत रचलेली. दुकान स्वतः कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणारं, नाही; बेकन, म्हणजे डुकराचं मांस, विकतं. त्यामुळे काटेकोर मंडळी इथून घेत नाहीत. तरी गर्दी ही. काउंटरवरच्या बाईला त्या दिवशी "हनी" म्हणायलाही वेळ नव्हता. मी प्लेन, सेसमी, ऑन द साइड, टु गो एवढं एका श्वासात म्हटलं आणि बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी रस्ते सुनसान, बाकडं रिकामं.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, ते आत्याच्या रजेपायी पुढे पुढे जात ऑक्टोबर अखेरीला आलं. आत्या बॉस्टनहून येणार होती. मी घुगऱ्या केल्या, पाळणा फुलांनी सजवला, आणि खाण्याचं काय हा प्रश्न लेकीनेच मिटवला: बेगलचं प्लॅटर. इतक्या माणसांना पुरी-भाजी करायला मी तयार होते, पण तिला ते नको होतं. डझन सांगितले की तेरा येतात, हा इथला जुना रिवाज. आम्ही तीन डझन सांगितले. मी दुकानात जाऊन काकांना हातवाऱ्यांनी समजावलं की मासा एका ताटलीत आणि चीज दुसऱ्या. त्यांनी मान डोलावली, त्यांना आता सवय होती.

समरकंदच्या बाई आल्या. दुकान कोशर नाही म्हणून त्यांनी बेगलला हात लावला नाही, आमच्या भांड्यातल्या घुगऱ्याही नको म्हणाल्या, एक केळं सोलून घेतलं. पण टेबलाभोवती फेरी मारून त्यांनी दोन ताटल्यांमधलं अंतर पाहिलं आणि माझ्या दंडावर थोपटलं. तोवर जावयाच्या ऑफिसातली मुलं त्याच दोन ताटल्यांतलं बेगलवर थरावर थर चढवत होती. पुण्याच्या एका मुलीने मनुक्याच्या बेगलवर घुगऱ्या घालून खाल्ल्या. चांगलं लागतं म्हणाली. लागो बापडं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, बाळ इकडून तिकडे गेलं, आणि आता आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं. सगळ्या वळून बघतात तो आत्या टेबलापाशी, हातात एव्हरीथिंगचा अर्धा तुकडा, गाल फुगलेला. तिने बोट वर करून थांबा अशी खूण केली. प्रवासातून थेट आली होती, भुकेली होती, आणि कुणीतरी तिला टोस्ट न केलेला दिला होता.

"गीळ गं पटकन," मी म्हटलं.

ती मान हलवत चावत राहिली. बाळ माझ्याकडे बघत होतं. जावई म्हणाला, "आई, तो चावावाच लागतो."